एका दिवसात एकच दिशा: कोल्हापूर परिसराच्या खासगी मार्गदर्शित सहलींविषयी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

कोल्हापुरात एका दिवसासाठी येणारे बहुतेक पाहुणे आमच्याकडे एक यादी घेऊन येतात. अंबाबाई, रंकाळा, नवा राजवाडा, पन्हाळा, जोतिबा, नरसोबाची वाडी, खिद्रापूर आणि जमल्यास दाजीपूरचे गवे, अशी आठ नावे त्या यादीत असतात. यातील प्रत्येक ठिकाण पाहण्यासारखे आहे, याविषयी दुमत नाही. परंतु पन्हाळा आणि जोतिबा शहराच्या वायव्येला, वाडी आणि खिद्रापूर पूर्वेला शिरोळ तालुक्यात, तर राधानगरी आणि दाजीपूर नैर्ऋत्येला सह्याद्रीच्या कड्यावर आहे. एका दिवसात यांपैकी एकच दिशा नीट पाहून होते. हे आम्ही प्रत्येक ग्राहकास पहिल्याच फोनवर सांगतो, आणि हे पत्रकही प्रामुख्याने त्यासाठीच लिहिले आहे.

असे सांगण्यामागे अनुभव आहे. व्यवसायाच्या सुरुवातीच्या काळात एका कुटुंबाच्या आग्रहाला मान देऊन आम्ही सकाळी पन्हाळा, दुपारी जोतिबा आणि संध्याकाळी खिद्रापूर अशी सहल काढली. खिद्रापुरात पोहोचलो तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. सोबतच्या आजी मोबाइलच्या उजेडात खांबांवरची शिल्पे पाहत होत्या, आणि परत गाडीत बसताना त्यांनी एवढेच विचारले, ‘इथं सकाळीच का नाही आणलं?’ चूक पूर्णपणे आमची होती. तेव्हापासून ग्राहक दुप्पट पैसे देण्यास तयार असले तरी आम्ही अशी सहल स्वीकारत नाही.

खासगी सहल म्हणजे काय

खासगी सहलीत गाडी आणि मार्गदर्शक दिवसभर केवळ आपल्या कुटुंबासाठी अथवा मित्रमंडळींसाठी असतात. वाटेत दुसरा प्रवासी घेतला जात नाही आणि कोठे किती वेळ थांबायचे हे आपण ठरवता. चालक आणि मार्गदर्शक ही दोन वेगळी माणसे असतात. चालकाने घाटातील वळणांकडे लक्ष द्यावे आणि मार्गदर्शकाने आपल्याकडे, या दोन कामांची सरमिसळ आम्ही होऊ देत नाही. आपल्यासोबत ज्येष्ठ नागरिक, गुडघ्यांचा त्रास असलेली व्यक्ती किंवा लहान मूल असल्यास ते नोंदणीच्या वेळीच सांगावे, कारण त्यानुसार चालण्याचा मार्ग, बसण्याच्या जागा आणि स्वच्छतागृहाचे थांबे आधी ठरवता येतात.

पूर्वेचा मार्ग: नरसोबाची वाडी आणि खिद्रापूर

परगावच्या पाहुण्यांकडून या मार्गाला सर्वांत कमी मागणी असते, आणि परत आल्यावर सर्वांत अधिक समाधान याच मार्गाविषयी व्यक्त होते. सकाळी सातला निघून जयसिंगपूर आणि शिरोळमार्गे प्रथम वाडी गाठावी. कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमावरील हे दत्तक्षेत्र श्री नृसिंह सरस्वती यांच्या बारा वर्षांच्या वास्तव्यामुळे प्रसिद्ध झाले, आणि येथे दत्तात्रेयांच्या पादुकांची पूजा होते. मंदिर घाटावर, नदीच्या अगदी कडेला आहे. पावसाळ्यात कृष्णेचे पाणी चढत चढत मंदिरात शिरते, पादुकांना स्पर्श करून दक्षिणेकडील द्वाराने बाहेर पडते, आणि त्या पाण्यात स्नान करण्यासाठी भाविक धावत येतात. यालाच दक्षिणद्वार सोहळा म्हणतात. एरवी सकाळी घाटावर शांतता असते. परतताना वाडीची बासुंदी आणि कवठाची बर्फी घेण्यास दहा मिनिटे राखून ठेवलेली असतातच.

वाडीहून कुरुंदवाडमार्गे उसाच्या फडांमधून खिद्रापूरला जाता येते. कृष्णेकाठच्या या लहानशा गावात शिलाहार राजवटीत, मुख्यतः बाराव्या शतकात उभे राहिलेले कोपेश्वराचे मंदिर आहे. सतीच्या वियोगाने कोपलेल्या शंकराला विष्णूने शांत केले, अशी कथा सांगितली जाते, आणि त्यामुळेच गाभाऱ्यात कोपेश्वरासोबत धोपेश्वर म्हणजे विष्णूही लिंगरूपात आहे. शिवमंदिर असूनही समोर नंदी नाही. तो कृष्णाकाठीच पण कर्नाटकात असलेल्या यडूरला आहे, असे गावकरी सांगतात.

स्वर्गमंडपात शिरल्यावर आमचे मार्गदर्शक आपल्याला मधल्या वर्तुळाकार शिळेजवळ उभे राहण्यास सांगतील आणि काही वेळ काहीही बोलणार नाहीत. पायाशी गोल शिळा, तिच्याभोवती वर्तुळात बारा खांब, त्यांच्यामागे आणखी खांब मिळून एकूण अठ्ठेचाळीस, आणि वर छताच्या मध्यभागी तेवढेच गोल उघडे आकाश. सकाळी उन्हाचा कवडसा पश्चिमेकडील खांबांवर असतो आणि दिवस वर येईल तसा तो खांबांवरून उतरत खाली फरशीवर येतो. हा कवडसा सरकताना पाहता यावा म्हणून आम्ही येथे किमान दीड तास ठेवतो. त्यानंतर बाहेरील गजथर पाहावा. मंदिराचा सारा भार पाठीवर घेतलेले हे हत्ती एकसारखे नाहीत. प्रत्येकाची झूल आणि अलंकार निराळे आहेत. अनेकांच्या सोंडा आणि पाठीवरील मूर्ती भंगलेल्या आहेत, आणि ते पाहताना मनाला लागते.

दक्षिण द्वाराजवळ यादव राजा सिंघण याचा तेराव्या शतकातील संस्कृत शिलालेख आहे. याच सिंघणाने दुसऱ्या भोजाचा पराभव करून कोल्हापूरची शिलाहार सत्ता संपवली, आणि पन्हाळ्याच्या उभारणीचे श्रेय ज्याला दिले जाते तो हाच भोज. अक्षरे ठळक दिसावीत म्हणून शिलालेखावर खडू, पीठ अथवा पाणी लावू नये, ही आमची कळकळीची विनंती आहे. दगड त्याने झिजतो. गावातच आदिनाथांचे जुने जैन मंदिरही आहे आणि ते पाहिल्याशिवाय आम्ही गाडी वळवत नाही. चैत्र-वैशाखात मंदिराच्या आवारातील फरशी अनवाणी पायांना चटके देते, म्हणून जाड मोजे जवळ ठेवावेत. कार्तिक पौर्णिमेच्या रात्री स्वर्गमंडपाच्या गवाक्षातून चंद्र पाहण्यासाठी अलीकडे मोठी गर्दी होते. त्या रात्रीची सहल हवी असल्यास बरेच आधी कळवावे.

वायव्येचा मार्ग: जोतिबा आणि पन्हाळा

वाडी रत्नागिरी अर्थात जोतिबाचा डोंगर शहरापासून सुमारे १८ किलोमीटरवर आहे. पायऱ्या, ओवऱ्या, खांब, माणसे, सारे येथे गुलालात न्हालेले असते. जपून ठेवायचे पांढरे कपडे या दिवशी घालू नयेत. रविवार हा देवाचा वार असल्याने त्या दिवशी दर्शनाला वेळ लागतो. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत लाखो भाविक आणि आभाळाला भिडणाऱ्या सासनकाठ्या, म्हणजे देवाच्या मानाच्या उंच काठ्या, डोंगरावर येतात. ती यात्रा गाडीच्या काचेतून पाहण्याची नाही, त्यामुळे त्या दिवसांत आम्ही या मार्गाची नोंदणी घेत नाही.

पन्हाळा हा वस्ती असलेला किल्ला आहे आणि गाडी थेट आत जाते. या सोयीमुळेच अनेकांचा पन्हाळा गाडीत बसून ‘होतो’. आम्ही आपल्याला किमान तीन ठिकाणी उतरवून चालवतो. पहिले ठिकाण अंबरखाना: गंगा, यमुना आणि सरस्वती या तीन कोठारांपैकी एकात शिरून जाड भिंती आणि वरून धान्य ओतण्याची झरोक्यांची व्यवस्था पाहिली की वेढ्यात किल्ला महिनोन्महिने कसा तग धरत असे, ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही. दुसरे अंधार बाव, म्हणजे वरून साधी इमारत भासणारी परंतु पोटात पाण्याचा साठा असलेली तीन मजली विहीर. तिसरे तीन दरवाजा, जेथे उतरत्या उन्हात कोरीवकाम स्पष्ट दिसते, म्हणून ते आम्ही शेवटी ठेवतो.

सिद्दी जौहरच्या वेढ्यातून १६६० च्या जुलैमध्ये, भर पावसात शिवाजी महाराज ज्या गडावरून विशाळगडाकडे निसटले, तो हा गड. शत्रूला चकवण्यासाठी महाराजांचे सोंग घेऊन पालखीत बसलेल्या शिवा काशीद यांची समाधी पायथ्याच्या नेबापुरात आहे. तेथे आम्ही आवर्जून थांबतो, कारण बाजीप्रभूंचे नाव सर्वांच्या ओठी असते आणि शिवा काशीद मागे राहतात. पावनखिंड मात्र येथून दूर आहे आणि ती या दिवसात बसत नाही. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेशातील ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत पन्हाळ्याचाही समावेश आहे. ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या आरंभापर्यंत आल्यास जवळच्या मसाई पठारावर जांभ्या खडकाच्या सड्यावर फुललेली सीतेची आसवे पाहता येतात. मात्र फुलांवर बसून छायाचित्रे काढू नयेत आणि गाडी पठारावर नेण्याचा आग्रह धरू नये.

दिवाळीनंतर उसाचा हंगाम सुरू झाला की याच वाटेवर चालू गुऱ्हाळ दाखवता येते. चुलवाणावर भली मोठी काहील, तीत उकळणारा रस, भेंडीच्या चिकाने वर आलेली मळी झाऱ्याने काढून टाकणारा माणूस, आणि खाली चिपाडे सारून आग सांभाळणारा जळव्या. या सर्वांत गुळव्याकडे लक्ष ठेवावे. पाक थोडासा पाण्यात टाकून तो बोटांनी गोळी वळून पाहतो, आणि काहील उतरवण्याचा हुकूम देतो. क्षणभर उशीर झाला तरी गूळ करपतो, लवकर उतरवला तर बसत नाही. ही पारख कोणत्याही मापकावर नाही, त्याच्या बोटांत आहे. काहील उतरवताना मुलांना हाताशी धरून ठेवावे. ताजा, कोमट गूळ द्रोणात मिळतो.

नैर्ऋत्येचा मार्ग: राधानगरी आणि दाजीपूर

गव्यांसाठी १९५८ मध्ये घोषित झालेले दाजीपूर हे राज्यातील सर्वांत जुने अभयारण्य, आजच्या राधानगरी अभयारण्याचा भाग आहे. पश्चिम घाटाच्या ज्या स्थळांना २०१२ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यांत राधानगरीही आहे. अंतर सुमारे ८० किलोमीटर असल्याने पहाटे पाचला निघावे लागते. वाटेत भोगावतीवरचे राजर्षी शाहू महाराजांनी सुरू केलेले राधानगरीचे धरण पाहावे. पाणी पूर्ण भरताच आपोआप उघडणारे त्याचे सात दरवाजे आजही जिल्ह्याच्या पावसाळी बातम्यांचा विषय असतात. गवा दिसेलच, असे आश्वासन आम्ही कोणालाही देत नाही आणि कोणी दिल्यास त्यावर विश्वास ठेवू नये. शेकरू, पाखरे आणि जंगल मात्र दिसते, ऐकू येते. भडक कपडे, अत्तर आणि गाणी टाळावीत. पावसाळ्यात अभयारण्य पर्यटनासाठी बंद असते.

शहर आणि अंबाबाई

शहरासाठी आपण वेगळा दिवस ठेवावा, असे आम्ही सुचवतो. अंबाबाईचे मंदिर, भवानी मंडप, खासबाग कुस्ती मैदान आणि १८८४ मध्ये पूर्ण झालेला नवा राजवाडा यांसाठी गाडीपेक्षा पायांचा उपयोग अधिक होतो. टाउन हॉल संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या उत्खननातील वस्तू आहेत. पंचगंगेच्या काठी रोमन समुद्रदेवाची कांस्यमूर्ती सापडते, यावरून या गावाचा व्यापार किती दूर पोहोचला होता हे ध्यानात येते. अंबाबाईच्या मंदिरातील किरणोत्सव परंपरेने ९, १० व ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी या दिवशी असतो. मावळतीची किरणे महाद्वारातून येऊन प्रथम देवीच्या चरणांशी आणि मग वर सरकतात. ढग अथवा धुके असल्यास ती मध्येच थबकतात, हे मनाशी धरून यावे. चप्पल लाईनमध्ये खरेदी करायची असल्यास मार्गदर्शक सोबत येतो, परंतु आम्ही कोणत्याही दुकानाकडून दलाली घेत नाही आणि कोणत्याही दुकानाची शिफारस करत नाही.

पावसाळ्यातील नोंदणी

जुलै आणि ऑगस्टमध्ये आम्ही रोज सकाळी पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी पाहतो. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी आहे. पातळी ३९ फुटांकडे जाऊ लागली की शिरोळकडील सहली आम्ही स्वतःहून रद्द करतो, आणि पन्हाळ्याच्या घाटात दरडीची शक्यता असल्यास तोही मार्ग बंद ठेवतो. अशा वेळी भरलेली पूर्ण रक्कम परत मिळते किंवा आपल्या सोयीची दुसरी तारीख दिली जाते. पाण्याखाली गेलेल्या बंधाऱ्यावरून गाडी घालण्याची विनंती कृपया चालकास करू नये.

दर आणि अटी

प्रत्येक मार्गाचा दर संपूर्ण दिवसाचा, म्हणजे दहा तासांचा असतो, दाजीपूरचा बारा तासांचा. त्यात गाडी, इंधन, टोल, वाहनतळ, मार्गदर्शकाचे मानधन आणि आमच्या दोन्ही माणसांचे जेवण धरलेले असते. आपले जेवण, प्रवेशशुल्क आणि वनविभागाचे शुल्क वेगळे असून त्याच्या पावत्या आपल्याच हाती दिल्या जातात. आमच्या सर्व गाड्या पर्यटक परवान्याच्या, पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत क्रमांक असलेल्या आहेत. कोणाकडूनही गाडी ठरवताना ही पाटी अवश्य पाहावी, कारण पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने चालवणे नियमबाह्य आहे आणि अपघात झाल्यास प्रवाशांना विम्याची भरपाई मिळण्यात अडचण येते. नोंदणी करताना निम्मी रक्कम भरावी. अठ्ठेचाळीस तास आधी कळवल्यास ती पूर्ण परत केली जाते.

तांबडा-पांढरा रस्सा, शाकाहारी थाळी की गडावरची झुणका-भाकरी, हेही आधी कळवावे, कारण लहान गावांत चूल वेळेवर पेटवण्यासाठी सकाळीच निरोप द्यावा लागतो. सहलीच्या आदल्या संध्याकाळी सातपर्यंत चालक आणि मार्गदर्शक यांची नावे, गाडीचा क्रमांक आणि निघण्याची वेळ आपल्याला मिळेल.