हीटसिंक बसतो, पण पुरतो का?

"मामा, जुनाच हीटसिंक चालेल ना?" भाच्याचा फोन. हीटसिंक म्हणजे प्रोसेसरवर बसून त्याची उष्णता हवेत सोडणारा धातूचा ठोकळा. भाच्याला एएमडीचा रायझन ५ २६०० प्रोसेसर काढून रायझन ७ ५८००एक्स टाकायचा होता. मदरबोर्ड तोच, प्रोसेसर बसायची जागा म्हणजे सॉकेटही तोच, एएम४. मी "चालेल की" म्हणणारच होतो, पण थबकलो. 'चालेल' या आपल्या सोयीच्या शब्दात दोन वेगळे प्रश्न लपलेले असतात: बसेल का, आणि पुरेल का? पहिल्याचं उत्तर 'हो' मिळालं की दुसरा विचारायचाच राहून जातो.

बसणं हा मिलिमीटरचा हिशेब आहे. एएम४ बोर्डावर हीटसिंकची चार भोकं ९० बाय ५४ मिलिमीटरच्या चौकटीत असतात. २६००च्या डब्यात आलेला रेथ स्टेल्थ हा हीटसिंक त्या चौकटीत चार स्प्रिंगच्या स्क्रूंनी बसतो. त्याच बोर्डावर ५८००एक्स टाकला तरी तो तसाच, सुतासारखा सरळ बसणार.

पुरणं हा वॅटचा हिशेब. २६०० वर ६५ वॅट लिहिलेलं असतं, पण एएमडीच्या नियमाने प्रोसेसर ८८ वॅटपर्यंत वीज ओढू शकतो. ५८००एक्स वर १०५ लिहिलंय, म्हणजे प्रत्यक्षात १४२ पर्यंत. स्टेल्थ म्हणजे निव्वळ ॲल्युमिनियमचा बुटका ठोकळा आणि वर पंखा. तांब्याचा गाभा नाही, उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्या, म्हणजे हीटपाइप, नाहीत. ८८ वॅटलाच त्याची दमछाक होते.

गोम आणखी खोल आहे. २६०० ची चिप सुमारे २१३ चौरस मिलिमीटरची. ५८००एक्सचे आठही कोर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) ज्या तुकड्यावर आहेत, तो जेमतेम ८१ चौरस मिलिमीटरचा. म्हणजे उष्णता वाढली आणि ती बाहेर पडायची जागा निम्म्याहून कमी झाली. भलामोठा टॉवर कूलर, म्हणजे पंख्यासकट उभा उंच हीटसिंक, लावूनही ५८००एक्स तापमानाच्या बाबतीत नाठाळ ठरतो तो यामुळेच. त्यात भाचा राहतो अकोल्याला. हीटसिंक चिपला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. हिवाळ्यात २५ अंशांच्या खोलीत जे ७५ दिसतं, तेच मे महिन्यात ४० अंशांच्या खोलीत ९० च्या घरात जातं, आणि ९० ही या प्रोसेसरची मर्यादा.

तिथे पोचल्यावर काही जळत नाही, धूर निघत नाही. प्रोसेसर गुपचूप वेग कमी करतो. म्हणून तर फसगत होते. मशीन चालू असतं, 'चाललं' असं वाटतं, आणि मोजलेल्या पैशांतला काही भाग रोज वाया जात असतो. खरं काय ते पाहायचं तर प्रोसेसरला राबवून पाहणारा सिनेबेंच हा प्रोग्रॅम दहा मिनिटं चालवावा आणि तापमानापेक्षा क्लॉककडे, म्हणजे प्रोसेसरच्या वेगाकडे, लक्ष ठेवावं. तापमान एका आकड्यावर चिकटलंय आणि क्लॉक घसरतोय, म्हणजे हीटसिंक बसलाय पण पुरत नाही.

इंटेलच्या बाजूला नेमकी उलट तऱ्हा. २००९ च्या एलजीए ११५६ या सॉकेटपासून २०२० च्या एलजीए १२०० पर्यंत भोकांमधलं अंतर ७५ मिलिमीटरच राहिलं. दहा-अकरा वर्षांत लोकांना सवयच लागली की इंटेलचा हीटसिंक इंटेलला लागतोच. २०२१ च्या शेवटी इंटेल प्रोसेसरची बारावी पिढी आली, एलजीए १७०० आलं आणि अंतर झालं ७८. शिवाय प्रोसेसरची उंचीही थोडी कमी झाली. समजा, तुमच्याकडे जुना दणकट टॉवर कूलर आहे आणि घेताय आय५ १२४००, जास्तीत जास्त ११७ वॅटचा. पुरायला तो आरामात पुरेल, पण बसणार नाही. काही बोर्डांवर दोन्ही मापांची भोकं पाडलेली असतात, पण तिथेही दाब नीट येईलच असं नाही. सरळ मार्ग म्हणजे कूलरच्या कंपनीकडून तो बसवायची नवी पट्टी मागवणं. नॉक्टुआसारखी कंपनी खरेदीची पावती दाखवली तर ती फुकट देते. पावती जपून ठेवणारे किती, हा भाग वेगळा.

एएमडीच्या एएम४ नंतरच्या एएम५ सॉकेटचं थोडक्यात: भोकं एएम४ चीच, पण बोर्डामागची आधाराची प्लेट आता सॉकेटलाच धरून असते, काढता येत नाही. स्वतःची प्लेट लावणारे जुने कूलर तिथे अडतात. बाकीचे बसतात.

जुना हीटसिंक काढताना एएम४ वाल्यांनी जपावं. प्रोसेसर आणि हीटसिंकमध्ये लावलेली पेस्ट वाळून घट्ट झालेली असते आणि प्रोसेसरला वरून धरणारी चौकट नसते. सरळ उपसला तर सॉकेटचा खटका बंद असतानाच प्रोसेसर हीटसिंकला चिकटून वर येतो, पिना वाकतात. माझ्या हातून एकदा आलाय. टाचणीने दोन पिना सरळ करताना श्वास रोखून बसलो होतो. आधी मशीन पंधरा मिनिटं राबवून पेस्ट ऊबदार करावी, मग बंद करून, वायर काढून हीटसिंक डावीउजवीकडे हळूच पिळावा. आणि स्टेल्थचे स्क्रू सोडताना बोर्डामागे एक हात ठेवावा, नाहीतर मागची प्लेट खणकन खाली पडते.

भाच्याला दोन वाटा सांगितल्या: ५८००एक्स सोबत हीटपाइपवाला टॉवर घे, नाहीतर आठच कोरचा पण ६५ वॅटचा ५७००एक्स घे आणि स्टेल्थवर तूर्त भागव. त्याने ५७००एक्स घेतला. मे मध्ये पुन्हा फोन येईल, अशी माझी तयारी आहे.