बंदुकीचा लाकडी दस्ता नव्यानं करून घ्यायचाय? आधी परवाना हातात घ्या

आजोबांच्या वेळची बारा बोअर किंवा इछापूरची ३१५ रायफल. नळी ठणठणीत, पण दस्ता मुठीपाशी तडकलेला. अशा वेळी आपल्याकडं पहिलं नाव आठवतं ते गावातल्या सुताराचं. तिथंच थांबा. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये 'शस्त्रे' या शब्दात शस्त्रांचे भागही धरलेत, आणि कलम ५ प्रमाणे शस्त्रदुरुस्तीचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही. सुतार कितीही पटाईत असला तरी तो कागद त्याच्याकडं नसतो. उद्या चौकशी झाली तर तुमच्याबरोबर तोही अडकतो. काम द्यायचं ते दुरुस्तीचा परवाना असलेल्या बंदूकवाल्याकडंच. तो परवाना दुकानात बघायला मागा, त्यात लाजायचं काय?

आता बंदूक कुणाच्या नावावर आहे ते पाहा. बरेच जण अडकतात ते इथं. परवानाधारक वारले असतील तर हत्यार घरात ठेवून दस्त्याचा विचार करणं चुकीचं. ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडं जमा करायचं आणि वारसानं नमुना ए-१ मध्ये स्वतःच्या परवान्यासाठी अर्ज करायचा. धारक हयात असतील तरी शस्त्र नियम २०१६ मध्ये सोय आहे: वयाची ७० वर्षं झाली किंवा शस्त्र बाळगून २५ वर्षं झाली, यातलं जे आधी होईल तेव्हा वारसाच्या नावानं परवाना मागता येतो. वारस २१ वर्षांचा हवा. धारक वारले असतील तर मृत्यूचा दाखला, शिवाय इतर वारसांची ना-हरकत, वैद्यकीय प्रमाणपत्र (नमुना एस-३), ओळख व पत्त्याचे पुरावे, फोटो हे लागतंच. छत्रपती संभाजीनगर शहरात अर्ज पोलीस आयुक्तालयाकडं. बाकी मराठवाड्यात जिल्हाधिकारी कार्यालयाकडं. जिल्हाधिकाऱ्यांनी नाकारलं तर अपील विभागीय आयुक्तांकडं.

परवाना चालू असेल तर पुढचं सोपं आहे. मूळ परवान्याची मुदत बघा (२०१९ च्या दुरुस्तीनंतर ती ५ वर्षांची झाली), त्यावर यूआयएन (परवान्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक) आहे का बघा, आणि परवान्याचं क्षेत्र बघा. क्षेत्र फक्त जिल्ह्यापुरतं असेल आणि कारागीर दुसऱ्या जिल्ह्यात, तर आधी परवानगी घ्या. स्वतः जाता येत नसेल तर कलम ३ मध्ये एक उपयोगाची सवलत आहे: धारकाच्या लेखी अधिकारपत्रावर दुसरा माणूस दुरुस्तीसाठी शस्त्र नेऊ शकतो. पत्रात शस्त्राचा क्रमांक, कारागिराचं नाव आणि तारीख लिहा. बंदूक रिकामी, पिशवीत, काडतुसं घरीच. परवाना देणाऱ्या कार्यालयाला दुरुस्तीचं साधं पत्र देऊन पोच घ्यावी असं माझं मत. दोन ओळींचा कागद असतो, पण नंतर उपयोगी पडतो.

लाकडाचं म्हणाल तर अक्रोड उत्तम, शिसमही चालतं. तयार दस्ता बाजारात मिळाला तरी तुमच्या बंदुकीला नेमका बसेलच असं नाही. म्हणून कारागीर जुना दस्ता नमुना म्हणून घेतो. नकल करणाऱ्या यंत्रात एका बाजूला जुना दस्ता, दुसऱ्या बाजूला कोरा ठोकळा. बोथट टोकाची दांडी जुन्यावरून फिरते आणि तिच्याच हालचालीनं फिरतं पातं ठोकळा कोरत जातं. तडकलेला नमुना आधी चिकटवून सरळ करून द्या, नाहीतर चूकही जशीच्या तशी उतरते. यंत्र थोडं लाकूड जास्तीचं सोडतं. नळी आणि यंत्रणेची बैठक शेवटी हातानंच, छिन्नीनं जमवावी लागते. ठोकळा घेताना मुठीच्या जागी लाकडाच्या रेषा सरळ, दस्त्याच्या लांबीनं धावताहेत ना ते बघा. तिथं रेषा आडव्या गेल्या की नवा दस्ताही त्याच जागी तुटणार. खांदा ते चाप हे अंतर तुमच्या हाताप्रमाणं सांगा. आजोबांचा हात आणि तुमचा हात एक नसतो.

जुन्या ली-एनफिल्ड बांधणीच्या रायफलीत मागचा दस्ता आणि पुढचं लाकूड वेगवेगळं असतं, त्यामुळं एवढा लांब ठोकळा लागत नाही. मागचा लांब बोल्ट फिरवण्याआधी पुढचं लाकूड काढायचं, नाहीतर तेच फाटतं.

लाकूड सोडून कशालाही हात लावू देऊ नका. धातूवरचा क्रमांक घासणं किंवा परवान्याशिवाय नळी आखूड करणं हे गुन्हे आहेत. ०.१७७ बोअरच्या, २० जूलच्या आतल्या एअर रायफलला मात्र परवानाच लागत नाही. तिचा दस्ता गावच्या सुताराकडून खुशाल करून घ्या.

बंदूक परत घेताना पावतीवर शस्त्राचा क्रमांक आणि 'दस्ता बदलला' एवढं लिहून घ्या. जुना दस्ताही मागून घ्या, काही बंदुकांच्या लाकडावरही क्रमांक ठोकलेला असतो. निवडणुकीच्या दिवसांत शस्त्रं ठाण्यात जमा करायला सांगतात, ते धरून काम द्या. शेवटचा हात जवसाच्या तेलाचा: पातळ थर, तो पूर्ण वाळला की दुसरा. पावसाळ्यात एकेक थर दिवसेंदिवस ओला राहतो, म्हणून दिवाळीनंतर दिलेलं काम लवकर हातात येतं.