पानांआधी फुलणारा रानकांदा

नागपुरात एप्रिलअखेर पारा 45 अंशांकडे सरकू लागतो आणि मुरमाड टेकड्यांवरचे गवत पायाखाली कुरकुरते, तेव्हा एकही पान न दाखवता जमिनीतून हातभर उंचीचा नुसता एक दांडा वर आलेला दिसतो. तो रानकांद्याचा, म्हणजेच कोळकांद्याचा असतो. दांड्यावर अंतराअंतराने लोंबणारी फुले मळकट पांढरी असून त्यांच्या सहाही पाकळ्यांवर मधोमध हिरवट-तपकिरी रेघ असते. दुरून पाहणाऱ्याला ती वाळकी काडीच वाटते.

पाण्याचा थेंब नसताना हे फुलणे शक्य होते ते जमिनीखालच्या कांद्यामुळे. त्याच्या मांसल पापुद्र्यांत आदल्या पावसाळ्यात साठवलेले अन्न आणि पाणी असते. गवत वाळल्यामुळे माळावर उंच असे काही उरलेले नसते, त्यामुळे या काळात फुलांना आडोसाही होत नाही. मेअखेरच्या नवतप्याच्या, म्हणजे सर्वांत कडक उन्हाच्या नऊ दिवसांच्या सुमारास तीन धारांची बोंडे वाळून उकलू लागतात आणि त्यांतून काळे, चपटे, कागदासारखे हलके बी वाऱ्यावर पसरते. मृगाचा पाऊस जवळ आलेला असतो, म्हणजे बी जमिनीवर पडते तेच ओलाव्याच्या तोंडावर.

पाने त्यानंतर येतात. पावसाळ्यात जमिनीलगत लांब, चपट्या पातींचा झुबका उगवतो आणि कांद्याची खरी कमाई याच काही महिन्यांत होते, कारण पुढच्या उन्हाळ्यातला दांडा या पातींनी केलेल्या अन्नावरच उभा राहणार असतो. पाऊस सरल्यावर पाती पिवळ्या पडतात. हिवाळ्यात तर वर काहीच उरत नाही.

वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम रॉक्सबर्ग यांच्या 1832 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ही वनस्पती ‘सिला इंडिका’ या नावाने आली; आज तिला ‘ड्रिमिया इंडिका’ म्हणतात. कांदा कापला तर हाताला खाज सुटते, कारण त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारी द्रव्येही त्यात आहेत. ती पेशीच्या आवरणातील सोडियम-पोटॅशियमची ने-आण रोखतात, म्हणूनच औषधासाठी हा कांदा खणला जातो आणि म्हणूनच घरगुती उपाय म्हणून तो तोंडात घालणे जिवावर बेतू शकते.

देशभराचा हिशेब मांडला तर रानकांदा अजून दुर्मीळ नाही. पण शहराच्या कडेचा माळ जसजसा भूखंडांत वाटला जातो, तसतशी तिथली वस्ती संपते आणि ती परत येईलच असे नसते. याचे एक कारण गुणसूत्रांत आहे. या वनस्पतीत 20 गुणसूत्रांच्या झाडांखेरीज 30 आणि 40 गुणसूत्रांची झाडेही आढळतात. त्यांपैकी 30 वाल्यांत गुणसूत्रांचे तीन संच असल्याने जोड्या नीट जुळत नाहीत आणि सकस बी धरत नाही; अशा झाडांचा वंश मुख्यतः कांद्याला फुटणाऱ्या पिल्लांवर चालतो. कांदा उपटला की त्या जागेवरचा कारभार आटोपला.

मला स्वतःला खटकते ती आणखी एक गोष्ट. पावसाळी वृक्षारोपणाचे खड्डे उन्हाळ्यातच खणले जातात, म्हणजे नेमके तेव्हा, जेव्हा या माळावर हिरवे काही दिसत नाही आणि जमीन ‘पडीक’ ठरवणे सोपे असते. खोदलेल्या मुरमाच्या ढिगावर पांढुरका कांदा, दांड्यासकट आडवा पडलेला, मी पाहिला आहे. दांड्यावरच्या वरच्या कळ्या तेव्हाही ताज्या होत्या. एखादी जागा खणली जाणारच असेल तर कांदे हलवायला हिवाळा बरा, कारण पाने वाळून कांदा निजलेला असतो. अडचण एवढीच, की तेव्हा तो कुठे आहे हे वरून कळत नाही. त्यामुळे पोळ्याच्या आसपास, पाती हिरव्या असतानाच, प्रत्येक झुबक्याशेजारी खुंटी ठोकून ठेवावी लागते.