हातचा एक कुठे गेला?

परवा भाच्याबरोबर 'द किंग ऑफ काँग' ही डॉक्युमेंटरी परत बघितली. २००७ ची आहे, सेथ गॉर्डननं केलेली. विषय ऐकायला अगदी साधा, डाँकी काँग नावाच्या जुन्या आर्केड गेमचा, म्हणजे नाणं टाकून मशीनवर खेळायच्या गेमचा, वर्ल्ड रेकॉर्ड कुणाच्या नावावर राहणार. एका बाजूला फ्लोरिडाचा बिली मिचेल, ऐंशीच्या दशकापासून या दुनियेतलं मोठं नाव, आणि दुसऱ्या बाजूला वॉशिंग्टन राज्यातला स्टीव्ह वीबी, ज्याची बोइंगमधली नोकरी गेली आणि जो गॅरेजमध्ये मशीन ठेवून खेळायला लागला, पुढे शाळेत विज्ञान शिकवायला लागला. दोघांमधली चुरस बघताना मला दरवेळी वाटतं की या गोष्टीतलं तिसरं मुख्य पात्र कॅमेऱ्यात नीट आलेलंच नाही, आणि ते पात्र म्हणजे मशीनच्या पोटातला एक बाइट, आकडा ठेवायची आठ घरांची इवलीशी जागा.

सिनेमात न्यू हॅम्पशायरमधल्या फनस्पॉट नावाच्या आर्केडमधला प्रसंग आहे. वीबी सगळ्यांसमोर खेळतोय, गेम बाविसाव्या लेव्हलजवळ पोचतो तशी आजूबाजूची मंडळी आपापली मशीन सोडून मागे गोळा होतात, कारण आता 'किल स्क्रीन' येणार. आणि मग तो येतो. मारिओ नेहमीसारखा चालायला लागतो, काही सेकंद जातात, आणि तो आपोआप मरतो. पिंप लागलं नाही, आग लागली नाही, नुसता मरतो.

भाचा म्हणाला, "मामा, हा असा कसा मेला? जुनं मशीन आहे, गरम होऊन हँग झालं असेल." मी नाही म्हटल्यावर त्याचा दुसरा अंदाज, की कंपनीनंच मुद्दाम ठेवलं असेल, म्हणजे एकच माणूस दिवसभर मशीन अडवून बसणार नाही. हे दोन्ही समज मी बऱ्याच जणांकडून ऐकलेत आणि दोन्ही चुकीचे आहेत. खरं कारण तिसरीच्या गणिताच्या पुस्तकात आहे, बेरीज करताना आपण जो हातचा घेतो ना, तो तिथे हरवलाय.

आधी गेम थोडक्यात. १९८१ चा निन्टेन्डोचा गेम. वर गोरिला, तो पिंपं खाली सोडतोय, मारिओनं शिड्या चढून वर जायचं. कोपऱ्यात एक बोनसचा आकडा असतो, तो शंभरा-शंभरानं उतरत असतो, लवकर वर पोचलात तर उरलेला बोनस मिळतो आणि तो शून्य झाला की मारिओ मरतो. म्हणजे बोनस हेच घड्याळ आहे, हे इथे लक्षात ठेवा.

आता प्रत्येक लेव्हलला बोनस किती द्यायचा हे मशीन कसं ठरवतं? हिशोब असा, लेव्हलच्या आकड्याला १० नं गुणा, त्यात ४० मिळवा, जे येईल तितके शेकडे. पहिल्या लेव्हलला १० अधिक ४० म्हणजे ५०, म्हणून ५,००० बोनस. दुसरीला ६,०००, तिसरीला ७,०००, चौथीला ८,०००. आणि पुढे एक अट, उत्तर ८० च्या वर गेलं तर ८० च धरायचं. त्यामुळे चौथ्या लेव्हलपासून पुढे कायम ८,०००. लिहिणाऱ्यानं विचार करून लिहिलंय, वरची मर्यादा घातलीये, कागदावर यात काही चूक दिसत नाही.

पण हा हिशोब कागदावर होत नाही, झेड-८० नावाच्या प्रोसेसरमध्ये होतो आणि तो आठ बिटांचा आहे. म्हणजे एका वेळी आकडा ठेवायला त्याच्याकडे आठच घरं, प्रत्येक घरात शून्य नाहीतर एक. उजवीकडून त्या घरांच्या किमती १, २, ४, ८, १६, ३२, ६४ आणि १२८. सगळ्या घरांत एक भरला तरी बेरीज २५५ च होते. त्याच्या वर जागाच नाही.

आमच्याकडे बाबांची स्कूटर होती, तिच्या मीटरला पाच आकडे. ९९,९९९ नंतर एक किलोमीटर गेलं की सगळी चक्रं एकदम फिरून शून्यावर. स्कूटर काही नवी झाली नाही, फक्त सहावा आकडा दाखवायला चक्र नव्हतं. बाइटचं तेच, फक्त तिथे एक लाखाऐवजी २५६ ला चक्र फिरतं.

आता करून बघू. एकविसावी लेव्हल, २१ गुणिले १० म्हणजे २१०, अधिक ४०, झाले २५०. आठ घरांत हे १११११०१० असं बसतं, थोडक्यात बसतं पण बसतं. ८० पेक्षा जास्त आहे, म्हणून ८० धरले, बोनस ८,०००, सगळं ठीक. बाविसावी लेव्हल, २२० अधिक ४०, २६०. हे लिहायला नऊ घरं लागतात, १०००००१००. डावीकडचा पहिला एक, ज्याची किंमत २५६ आहे, त्याला घर नाही. तो गळतो. उरतं ०००००१००, म्हणजे ४. मशीन बघतं, ४ हे ८० पेक्षा जास्त आहे का, नाही, मग ठीक आहे, बोनस ४ शेकडे. चारशे. आठ हजारांच्या जागी चारशे, आणि चारशेचं घड्याळ साताठ सेकंदांत संपतं, तेवढ्यात जगातला कुठलाही खेळाडू वर पोचू शकत नाही.

यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट पुढे आहे, थोडी किचकट आहे पण सांगतोच. झेड-८० ला गुणाकार येत नाही, त्याच्या सूचनांमध्ये तो नाहीच. मग दहानं गुणायचं कसं? आकडा दुप्पट करायचा, परत दुप्पट, परत दुप्पट, म्हणजे आठपट झाला, त्यात मूळ आकडा दोनदा मिळवला की दहापट. बाविसाचे होतात ४४, ८८, १७६, मग १९८, मग २२०. इथपर्यंत सगळं २५५ च्या आत आहे. फुटतं ते अगदी शेवटच्या पायरीला, ४० मिळवताना. आणि त्या क्षणी प्रोसेसर गप्प बसत नाही! त्याच्यात एक वेगळा एकुलता एक बिट असतो, कॅरी फ्लॅग म्हणतात, आपल्या भाषेत हातच्याचा झेंडा. बेरीज आठ घरांबाहेर गेली की तो झेंडा वर होतो. म्हणजे हातचा हरवला असं मी वर म्हटलं ते अर्धंच खरं, प्रोसेसरनं हातचा बाजूला काढून ठेवलेला असतो, आपल्याला शाळेत बाई कोपऱ्यात लिहायला लावायच्या तसा. प्रोग्रामनं फक्त तिकडे बघायचं होतं. तो बघत नाही, सरळ पुढची तुलना करतो आणि त्या तुलनेच्या निकालानं झेंडा परत बदलून जातो. एक जादा सूचना असती, झेंडा वर असेल तर थेट ८० धर, तर किल स्क्रीन जन्मालाच आला नसता.

मग कुणी तपासलं कसं नाही? बाविसाव्या लेव्हलपर्यंत जाणार कोण हो. चांगल्या खेळाडूलाही तिथे पोचायला दोन-तीन तास लागतात, आणि बहुतेक लोकांचं नाणं दोन-तीन मिनिटांत संपायचं. शिवाय त्या काळी सगळा मुख्य प्रोग्राम १६ किलोबाइटमध्ये बसवलेला, आज फोनवरचा एखादा गुड मॉर्निंगचा फोटो यापेक्षा कितीतरी मोठा असतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. अंकशास्त्रवाले २२ ला 'मास्टर नंबर' म्हणतात, आणि या किल स्क्रीनचं नातं त्या २२ शी जोडणारे लोक मला प्रत्यक्ष भेटलेत. असं काहीही नाही. सूत्रात ४० च्या जागी ३० असते तर २२ व्या लेव्हलला २५० आले असते, गेम सुखरूप पुढे गेला असता आणि गाडी २३ व्या लेव्हलला अडकली असती. आकड्याला स्वतःचा स्वभाव नसतो, त्याच्याभोवतीच्या हिशोबाला असतो. नावात एक जादा अक्षर घालून नशीब बदलायला पैसे घेणाऱ्यांनी हा साधा फरक लोकांपासून लपवलाय आणि याचा मला मनापासून राग येतो.

आता याचा रेकॉर्डशी संबंध काय, तर सगळाच संबंध आहे. पहिल्या लेव्हलमध्ये दोन स्क्रीन, दुसरीत तीन, तिसरीत चार, चौथीत पाच आणि पाचवीपासून पुढे प्रत्येकीत सहा. म्हणजे पहिल्या चारांत मिळून १४, आणि पाच ते एकवीस या सतरा लेव्हलचे १०२, एकूण ११६. एकशे सतराव्या स्क्रीनवर मरण ठरलेलं. गेम कधीच संपत नसता तर रेकॉर्ड ज्याला जास्त वेळ जागता येतं त्याचा झाला असता. इथे तसं नाही, सगळ्यांना तेवढेच ११६ स्क्रीन, क्रिकेटमध्ये ठरलेल्या ओव्हर असतात तसे. त्यामुळे प्रश्न किती टिकलात हा राहत नाही, प्रत्येक स्क्रीनमधून किती पिळून काढलं हा होतो. म्हणून ही मंडळी लवकर वर जात नाहीत, खाली थांबून पिंपांवरून उड्या मारत बसतात, हातोडा घेऊन कधी ३००, कधी ५००, कधी ८०० मिळवतात, आणि यातलं किती मिळणार हे बऱ्याचदा मशीनमधले आकडे ठरवतात, खेळाडूच्या हातात नसतं.

सिनेमातले आकडेच बघा. मिचेलनं दिलेल्या खेळाच्या व्हिडिओ टेपवर स्कोअर १०,४७,२००, वीबीनं २००६ मध्ये केले १०,४९,१००. फरक १,९०० चा. एका पिंपावरून उडी मारली की १०० मिळतात, म्हणजे दोन-तीन तासांच्या खेळात १९ उड्यांचा फरक! आता तर रेकॉर्ड बारा लाख सत्तर हजारांच्या पुढे गेलाय, स्क्रीन मात्र तेवढेच.

आणि हो, दहा लाख झाले की काय होतं? स्कोअरच्या जागी सहाच आकडे आहेत, त्यामुळे तिथेही चक्र फिरून शून्य. पण हे फिरणं वेगळ्या जातीचं. स्कोअर ठेवताना मशीन प्रत्येक बाइटचे दोन भाग करून त्यात दशमान पद्धतीचे दोन आकडे ठेवतं, तीन बाइट, सहा आकडे, त्यामुळे तो दहा लाखाला फिरतो. बोनसचा हिशोब मात्र शुद्ध द्विमान, म्हणजे नुसत्या शून्य-एकचा, तो २५६ ला फिरतो. एकाच मशीनमध्ये दोन तऱ्हेची गणितं आणि दोघांच्या भिंती वेगवेगळ्या ठिकाणी.

टेपवरून पुढे बरंच झालं. २०१८ मध्ये ट्विन गॅलेक्सीज या रेकॉर्ड ठेवणाऱ्या संस्थेनं मिचेलचे स्कोअर काढून टाकले, कारण त्यांच्या मते त्या टेपा मूळ, बदल न केलेल्या मशीनवरच्या नव्हत्या. त्यांचा मुद्दा एका स्क्रीनवरून दुसऱ्यावर जातानाच्या क्षणाचा होता. खऱ्या मशीनमध्ये चित्र मेमरीत लिहिलं जात असतानाच पडद्यावरचा किरण ते रंगवत पुढे जातो, म्हणून नवीन स्क्रीन सरकत्या दारासारखा एका बाजूनं उघडतो, आणि कॉम्प्युटरवरचा नकली गेम तेच चित्र तुकड्या-तुकड्यांनी दाखवतो. मिचेलनं आरोप मान्य केले नाहीत, २०२० मध्ये गिनीजनं त्याचे रेकॉर्ड परत नोंदवले आणि कोर्टातला वाद २०२४ मध्ये तडजोडीनं मिटला. कोण बरोबर हे मी ठरवणार नाही, पण एका सेकंदाहून कमी वेळाच्या चित्रावरून वर्षानुवर्षं वाद चालू शकतो हे मला फार विलक्षण वाटतं.

गेममधलं सोडा म्हणाल तर खऱ्या यंत्रांतही हेच झालंय. बोइंग ७८७ बद्दल २०१५ मध्ये अमेरिकेच्या विमान नियामकांनी आदेश काढला, सलग २४८ दिवस वीज चालू राहिली तर जनरेटर सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा काउंटर भरून फुटतो, म्हणून मध्ये बंद करून चालू करा. सेकंदाचे शंभर भाग मोजत गेलात तर ३१ बिटांचा आकडा बरोबर तेवढ्याच दिवसांत भरतो, कॅल्क्युलेटरवर करून बघा.

हे सगळं भाच्याला सांगून झालं तर त्याचा अजून विश्वास बसेना. म्हणाला, "दाखव." मग यूट्यूबवर किल स्क्रीनचा एक व्हिडिओ लावला, एकविसाव्या लेव्हलचा शेवटचा स्क्रीन, गोरिला खाली पडला, नवीन स्क्रीन आला, आणि त्यानं बरोबर तिथे पॉज केलं. मारिओ डावीकडे खाली उभा, अजून एक पाऊलही टाकलेलं नाही, आणि वर बोनसच्या चौकटीत चारशे. भाच्यानं वही ओढली, २६० लिहिले, खाली नऊ घरं आखली आणि पहिल्या घरावर काट मारली.