नव्वदला थरथरणारं स्टीअरिंग

पावसाळा संपला की इंदूरच्या मराठी घरांतून दिवाळीला पुण्या-नाशिककडे निघणाऱ्या गाड्यांची एक तक्रार ठरलेली असते. इंदूरच्या वेशीवरच्या राऊपर्यंत सगळं ठीक. पुढे एबी रोड, म्हणजे आग्रा-मुंबई महामार्ग, मोकळा मिळाला, काटा ऐंशीच्या वर गेला, की स्टीअरिंग हातात बारीक थरथरू लागतं. नव्वदला थरथर भरात येते आणि एकशे दहाला चक्क कमी होते. यावरचा सल्लाही ठरलेला: ‘अलाइनमेंट-बॅलन्सिंग करून घ्या.’

ही दोन्ही कामं एकाच दुकानात, एकाच पावतीवर होतात म्हणून त्यांची नावं जोडीनं घेतली जातात. थरथरीशी थेट संबंध मात्र त्यांतल्या एकाचाच. अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन. ते बिघडले की गाडी एका बाजूला ओढते, सरळ रस्त्यावर स्टीअरिंग तिरकं राहतं, टायर एका कडेनं झिजतो. पण कोन चुकलेलं चाकसुद्धा फिरताना थरथरत नाही, कारण चाकाच्या संपूर्ण फेरीत तो कोन तसाच राहतो. थरथर यायची तर प्रत्येक फेरीत काहीतरी बदलावं लागतं: कुठेतरी जास्त वजन, कुठेतरी जास्त उंची, कुठेतरी जास्त जाडी. म्हणून पार्ट बदलायच्या आधी विचारायचा प्रश्न असा, की ही थरथर सेकंदाला किती वेळा होते आणि गाडीतली कुठली वस्तू तेवढ्याच वेळा फिरते?

आकडा काढणं अवघड नाही. मधल्या आकाराच्या बऱ्याच मोटारींना १८५/६५ आर १५ हा टायर असतो. त्याचा व्यास सुमारे ६२ सेंटिमीटर, आणि गाडीच्या वजनानं थोडा दबलेला धरला तर एका फेरीत तो साधारण १.९ मीटर पुढे जातो. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर. म्हणजे चाक सेकंदाला चौदा-साडेचौदा वेळा फिरतं. नव्वदला तेरा वेळा, ऐंशीला साडेअकरा-बारा वेळा. सेकंदाला एकदा होणाऱ्या कंपाला एक हर्ट्झ म्हणतात, तेव्हा चाकाचा दोष महामार्गावर १२ ते १५ हर्ट्झला बोलतो असं समजायचं.

आता त्या चाकावर ३० ग्रॅम वजन एका बाजूला जास्त आहे असं धरू. हे वजन १५ इंची रिमच्या कडेला, म्हणजे केंद्रापासून १९ सेंटिमीटरवर आहे. शंभरच्या वेगाला ते चाकाला बाहेरच्या बाजूला सुमारे ४७ न्यूटननं खेचतं. पावणेपाच किलोचं वजन टांगल्यासारखं, आणि तेही दर सेकंदाला चौदा वेळा दिशा बदलत. हे बल वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतं. पन्नासला तोच दोष सव्वा किलोपेक्षाही कमी बल लावतो, म्हणून शहरात काही कळत नाही.

हे ३० ग्रॅम येतात कुठून? रिमवर लावलेलं वजन पडून जातं, टायर असमान झिजतो, पंक्चर काढताना टायर रिमवर सरकून बसतो. पण माळव्यात पावसाळ्यानंतर माझा पहिला संशय काळ्या मातीवर असतो. शेतात, प्लॉटवर, कच्च्या रस्त्यावर गाडी गेली की ही चिकणमाती रिमच्या आतल्या बाजूला बसते आणि वाळून दगडासारखी होते. धुणारे बाहेरून चाक चकचकीत करतात, आत हात घालत नाहीत. मूठभर वाळकी माती शंभर ग्रॅमला सहज भरते. त्यामुळे बॅलन्सिंगला पैसे देण्याआधी चाक काढून आतून धुऊन घ्यावं. माती असतानाच बॅलन्स केलं तर आणखी गंमत होते: पुढच्या उन्हात माती गळून पडते आणि मशीननं लावलेलं वजनच नवा दोष बनतं.

बल जर वेगाबरोबर वाढतच जातं, तर एकशे दहाला थरथर कमी का होते? कारण चाक आणि त्याला जोडलेले भाग, म्हणजे हब (ज्यावर चाक बसतं तो भाग), ब्रेक, आर्म, हे टायरच्या हवेवर आणि स्प्रिंगवर तोललेले असतात. अशा प्रत्येक व्यवस्थेला स्वतःची एक कंपनसंख्या असते. मोटारीच्या पुढच्या चाकांची ती साधारण १० ते १५ हर्ट्झच्या दरम्यान येते. चाकाच्या फेऱ्या त्या आकड्याशी जुळल्या की लहानसा धक्काही मोठा होऊन हातात येतो; यालाच अनुनाद म्हणतात. फेऱ्या त्यापुढे गेल्या की बल जास्त असूनही त्याचा परिणाम घटतो. यालाच अनुनाद म्हणतात. त्यात भर अशी, की माणसाचा हातही याच पट्ट्यात सर्वांत हळवा आहे. हाताला पोचणारे कंप मोजायच्या आंतरराष्ट्रीय मानकात ८ ते १६ हर्ट्झच्या आसपासच्या कंपांना सर्वाधिक भार दिलेला असतो. चाकाची गती, सस्पेन्शनचा स्वभाव आणि हाताची संवेदना, तिन्ही एका जागी येतात ती नेमकी आपली महामार्गावरची गती. आता ‘शंभरला नेलं की नीट होते’ म्हणून दामटत जाणारे लोक असतात. दोष तिथेच असतो आणि बेअरिंगला तो लागतही असतो, फक्त हाताला कळत नाही.

हा उपद्रव जुना आहे. १९२०च्या दशकात कमी हवेचे फुगीर टायर आणि पुढचे ब्रेक आले, तेव्हा मोटारींची पुढची चाकं काही वेगांना भयंकर डुगडुगू लागली. दोन्ही चाकं एकाच सलग दांड्याला असत. एक चाक उडालं की दांडा तिरका होई, आणि फिरत्या चाकाच्या भोवऱ्यासारख्या गुणधर्मामुळे चाकं आपोआप डावी-उजवीकडे वळू लागत. ब्रूलिए या फ्रेंच अभियंत्यानं १९२५ साली याचं विश्लेषण मांडलं. प्रत्येक चाकाला स्वतंत्र सस्पेन्शन देण्याची पद्धत पुढे रूढ झाली, त्यामागे या डुगडुगीपासून सुटका हेही एक मोठं कारण होतं. आज आपल्या हातात येते ती बारीक थरथर म्हणजे त्या राक्षसाचा उरलेला अंश.

थरथर कधीकधी येते-जाते. वेग तोच, रस्ता तोच, पण दहा सेकंद हात थरथरतात, मग सगळं शांत, मग पुन्हा सुरू. मालक म्हणतो रस्त्याचा दोष असेल. खरं कारण जास्त मजेशीर आहे. डाव्या-उजव्या टायरची त्रिज्या कधीच तंतोतंत सारखी नसते. एक मिलिमीटरचा फरक असला तरी शंभरच्या वेगाला एक चाक दुसऱ्याच्या दर वीस-बावीस सेकंदांनी एक पूर्ण फेरी मागे पडतं. दोन ढोल किंचित वेगळ्या लयीत वाजत असले की ठोके मध्येच एकावर एक पडतात आणि मध्येच फुटतात, तसंच हे. दोन्ही चाकांचे जड भाग एकाच वेळी पुढे असले तर स्टीअरिंगच्या दांड्यावर त्यांचे धक्के एकमेकांना खोडतात. एक पुढे आणि एक मागे असेल तर ते एकत्र येऊन स्टीअरिंग डावी-उजवीकडे हलवतात. अशी येणारी-जाणारी थरथर असेल तर बहुधा पुढची दोन्ही चाकं थोडी थोडी दोषी आहेत. एकाच चाकाचं बॅलन्सिंग करून भागणार नाही.

थरथर स्टीअरिंगमध्ये आहे की सीटमध्ये, हेही बघावं. पुढच्या चाकांचा दोष आधी हाताला कळतो, मागच्यांचा सीटला आणि फरशीला. नियम काटेकोर नाही, पण सुरुवातीला पुरतो.

बॅलन्सिंग मशीन शून्य दाखवतं आणि तरी गाडी थरथरते, इथे ग्राहक आणि दुकानदार यांचं वाजतं. दोघंही खरं बोलत असतात. मशीनवर चाक हवेत फिरतं. त्याच्यावर गाडीचं वजन नसतं. मशीन वजनाची वाटणी तपासतं, गोलाई नाही. खड्ड्यात बसून रिम वाकलेली असेल, किंवा टायरचा एखादा भाग आतून जास्त ताठ असेल, तर वजन सारखं करूनही रस्त्यावर तो भाग आला की चाक उचललं जाणारच. महिनोन् महिने उभ्या गाडीच्या टायरवर सपाट डाग पडतो, तोही यातलाच. रात्रभर थांबल्यानं पडणारा डाग टायर गरम झाल्यावर दहा-पंधरा किलोमीटरांत जातो, जुना जात नाही. म्हणून चाक मशीनवर हळू फिरत असताना वाकून बघावं. रिमच्या कडेजवळ एखादी स्थिर खूण धरली की वर-खाली आणि आत-बाहेर होणारं चाक डोळ्यांना दिसतं. दीड-दोन मिलिमीटरही दिसतात. आणखी एक स्वस्त कसोटी म्हणजे पुढची चाकं मागे, मागची पुढे. थरथर हातातून सीटमध्ये गेली तर दोष चाकासोबत गेला; जागेवरच राहिली तर हब, ब्रेक डिस्क किंवा ॲक्सलकडे बघायचं.

फक्त ब्रेक लावल्यावर स्टीअरिंग थरथरत असेल तर प्रकरण वेगळं. एबी रोडनं मानपूर सोडून निमाडात घाट उतरताना जो ब्रेकवर पाय ठेवूनच उतरतो त्याला हे खाली धामनोदपर्यंत कळतं. याला सगळे ‘डिस्क वाकली’ म्हणतात. डिस्क बहुतेक वेळा वाकलेली नसते. तिची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते, किंवा तापलेल्या पॅडचा थर तिच्यावर कुठे जास्त, कुठे कमी बसलेला असतो. आणि हा फरक किती लागतो? पंधरा-वीस मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीच्या पाव भागाएवढाही पुरतो. दर फेरीत पॅड त्या जाड जागी जोरात पकडतो, आणि पेडलही पायाखाली त्याच लयीत धडधडतं. घाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, इंजिनच्या ओढीवर उतरला तर हा खर्चच वाचतो.

इंजिनवरचा संशय गिअरनं मिटतो. नव्वदच्या स्थिर वेगाला पाचव्याऐवजी चौथा गिअर टाकावा. इंजिनच्या फेऱ्या बदलल्या, चाकांच्या तेवढ्याच राहिल्या. थरथर तशीच राहिली तर इंजिन सुटलं. न्यूट्रल टाकून ही परीक्षा घेऊ नये, महामार्गावर तर नाहीच. ॲक्सलरेटर दाबल्यावर येणारी आणि पाय काढल्यावर जाणारी थरथर असेल तर पुढच्या ड्राइव्ह शाफ्टच्या, म्हणजे इंजिनाची ताकद चाकाला पोचवणाऱ्या दांड्याच्या, आतल्या जॉइंटकडे बघावं. त्यात तीन लाटू (छोटे रोलर) असतात, त्यामुळे तो चाकाच्या एका फेरीत तीनदा हिसका देतो.

आता मोबाइलमधला कंपमापक वापरून हे आकडे थेट बघता येतात. फोन डॅशबोर्डवर घट्ट बसवायचा, शेजारी बसलेल्यानं हाताळायचा. शंभरला १४ हर्ट्झच्या आसपास शिखर दिसलं तर चाक, ४३ च्या आसपास दिसलं तर तो तीन लाटूंचा जॉइंट. गोची अशी, की अडीच हजार फेऱ्यांवरचं इंजिनही ४२ लाच फिरत असतं. तेव्हा पुन्हा गिअर बदलून बघणं आलंच. शिवाय फोन सेकंदाला शंभर नोंदी घेत असेल तर ५० हर्ट्झपर्यंतचंच चित्र भरवशाचं. त्यापुढचे कंप चुकीच्या जागी शिखर म्हणून उमटू शकतात, आणि तीन सिलिंडरच्या इंजिनाचे स्फोट नेमके ६० च्या वर असतात.

कंपन्यांनाही ही मोजणी करायला एकाच वेगानं लांबवर, न अडता चालणारी गाडी लागते. सार्वजनिक रस्त्यावर ते अशक्यच. इंदूरशेजारी पिथमपूरला नॅट्रॅक्स या वाहनचाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा लंबगोल मार्ग जून २०२१ मध्ये खुला झाला, तो अशाच कामांसाठी. त्याची वळणं आतल्या बाजूला इतकी कललेली आहेत की ताशी २५० किलोमीटरला स्टीअरिंगवर बाजूचा जोर जवळजवळ येत नाही, त्यामुळे स्टीअरिंगमध्ये उमटतं ते चाकांचं असतं, वळणाचं नसतं.

‘भिया, लोअर आर्म और बॉल जॉइंट डलवा लो,’ हा सल्ला मात्र जपून घ्यावा. ढिले बुश, झिजलेले बॉल जॉइंट किंवा टाय रॉड एंड, म्हणजे चाकाला गाडीशी आणि स्टीअरिंगशी जोडणारे सांधे, सहसा थरथर निर्माण करत नाहीत; चाकातून आलेली थरथर ते अडवत नाहीत, एवढंच. नवे टाकले की हाताला आराम पडतो, मूळ दोष चाकात तसाच राहतो आणि काही महिन्यांनी नवे बुशही त्याला कंटाळतात. जॉइंटमध्ये खरोखर खेळ असेल तर ते बदलायलाच हवेत, पण सुरक्षेसाठी, आणि चाक दुरुस्त केल्यावर.

दोन प्रकरणांत निदान वगैरे करत बसू नये. टायरच्या बाजूला फुगा आला असेल तर आतले धागे तुटलेले आहेत. ते चाक काढून स्टेपनी लावावी आणि हळू परतावं. दुसरं, थरथर तीस-चाळीसलाही येते, दर किलोमीटरला वाढते आणि सोबत ठकठक ऐकू येते, म्हणजे नट ढिले असू शकतात. गाडी तिथेच बाजूला घ्यावी. चाक बसवताना नट गोलाकार क्रमानं न आवळता समोरासमोरचे आळीपाळीनं आवळावेत. ताण मॅन्युअलमध्ये दिलेला असतो, बऱ्याच छोट्या मोटारींत तो १०० न्यूटन-मीटरच्या आसपास. पायानं पान्यावर उभं राहून आवळलेले नट डिस्कलाही तिरकं बसवतात. पन्नास-शंभर किलोमीटर गेल्यावर ते एकदा पुन्हा तपासावेत. नव्यानं रंगवलेल्या रिमवर तर नक्कीच, कारण नटाखालचा रंगाचा थर दबला की पकड सैल होते.