शेवाळ आणि नील-हरित शेवाळ: गरम झऱ्यावरचे दोन हिरवे थर

अमरावती जिल्ह्यातल्या सालबर्डीसारख्या गरम झऱ्याकाठी दगडावर हिरवं, बुळबुळीत काही दिसलं की आपण त्याला शेवाळ म्हणून मोकळे होतो. त्यात दोन निराळे जीव असू शकतात. खरं हिरवं शेवाळ वनस्पतींच्या भावकीतलं. नील-हरित शेवाळ म्हणजे जीवाणू, त्याच्या पेशीत केंद्रकच नसतं. घोळ नावानेच घातलाय. धानाच्या बांधीत नत्रासाठी सोडतात, ते याच कुळातलं.

पहिली खूण पाण्याची ऊब. हिरवं शेवाळ सहसा 45 ते 50 अंशांपुढे तगत नाही. नील-हरितच्या काही जाती मात्र 70 अंशांच्या वरही जगतात. ताप मोजायचा थर्मामीटर वापरू नका, तो 42 अंशांपर्यंतच असतो. शाळेच्या प्रयोगशाळेतला 110 अंशांचा घ्या आणि थराला टेकवून दोन मिनिटं धरा. उगमाशी मोजून नमुना चार हात खालून घेतला, तर आकडा फुकट जातो, कारण पाणी वाहता वाहता झपाट्याने निवतं.

पाणी चाळिशीच्या आसपास असेल तर दोन्ही शेजारी शेजारी वाढतात. मग काडीने उचलून बघा. स्पायरोगायरासारखं हिरवं शेवाळ ओल्या केसांसारखं लोंबतं, बोटातून निसटतं. नील-हरितचा थर सायीसारखा सोलून येतो: वर काळपट हिरवा, खाली कधी नारिंगी, वास पहिल्या पावसानंतरच्या मातीचा. नुसत्या रंगावर जाऊ नका, कडक उन्हात हिरवं शेवाळही पिवळं पडतं.

शंका उरलीच तर आयोडीन. चिमूटभर नमुना रात्रभर स्पिरिटमध्ये ठेवून हिरवा रंग उतरवा, पाण्याने धुवा, मग कोऱ्या चहाच्या रंगाइतकं पातळ आयोडीन दोन थेंब टाका. हिरव्या शेवाळात स्टार्च असतो, ते निळं-काळं होतं. नील-हरितमध्ये तो स्टार्च नसतो, ते तपकिरीच राहतं. आयोडीन दाट झालं की दोन्ही काळपट दिसतात आणि सगळी परीक्षा फसते.



नमुना नखाएवढाच घ्या. महाशिवरात्रीच्या गर्दीत पाय घसरू नये म्हणून दगड खरवडायचे असतील, तर पायवाटेवरचे तेवढेच खरवडा; उगमाजवळचा थर राहू द्या.