जलसंजीवनीच्या पुडीमागचा इतिहास

पटकीच्या (कॉलऱ्याच्या) रोग्याच्या अंगातून तासाला लिटरभर पाणी जाऊ शकतं. रक्त आटू लागताच हृदयाचे ठोके वाढतात, हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात, मूत्रपिंडं लघवी रोखून धरतात, अधिवृक्क ग्रंथींचं अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक मीठ अडवतं, घशाला कोरड पडते. जुलाबातून आम्लता आवरणारं बायकार्बोनेट वाहून जातं आणि रक्त आम्लाकडे झुकतं, तेव्हा फुप्फुसं खोल, भराभर श्वास घेऊन कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतात. सगळ्या संस्था मिळून वेळ मारून नेतात. पण गेलेलं पाणी आणि मीठ बाहेरूनच यावं लागतं. तेच तोंडावाटे परत देणारं द्रावण म्हणजे जलसंजीवनी, अर्थात ओआरएस.

पटकीत रक्तातलं पाणी आणि क्षार जातात, हे ब्रिटनमध्ये विल्यम ओशॉनेसी यांनी १८३१-३२ मध्ये रक्त तपासून दाखवलं. (भारतात तारयंत्र आणणारे ओशॉनेसी ते हेच.) १८३२ मध्ये स्कॉटलंडमधल्या लीथच्या डॉ. थॉमस लॅटा यांनी एका मरणासन्न वृद्धेच्या शिरेत अर्ध्या तासात सहा पिंट खारट पाणी सोडलं. नाडी परत आली, चेहऱ्यावर रंग आला. लॅटा निघून गेले, जुलाब पुन्हा सुरू झाले. पाणी पुन्हा कुणी दिलं नाही आणि बाई दगावली. जितकं जातं तितकं देत राहायचं, हा या उपचाराचा कणा तिथेच दिसला होता. तरी उपचार मागे पडला.

शरीराच्या आतलं द्रवरूप वातावरण स्थिर राहणं ही जगण्याची अटच आहे, हे पुढे फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बेर्नार यांनी मांडलं. वॉल्टर कॅनन यांनी १९२६ मध्ये त्याला ‘होमिओस्टॅसिस’, म्हणजे आपली समस्थिती, हे नाव दिलं.

खरी कलाटणी आतड्यानं दिली. पटकीत आतड्याचं अस्तर सोलवटून निघतं, अशी समजूत होती. १९५९ मध्ये कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी सशांच्या आतड्यावर दाखवलं, की जंतूंचं विषच पाणी बाहेर काढतं. अस्तर शाबूत असेल, तर शोषणही शक्य आहे. १९६० मध्ये रॉबर्ट क्रेन यांनी ग्लुकोज आणि सोडियम आतड्याच्या पेशीत जोडीनं शिरतात हे मांडलं. ही जोडी आत गेली की पाणी मागोमाग जातं. पटकीचं विष ही वाट बंद करत नाही. नुसतं मीठपाणी मात्र पटकीत पुरेसं शोषलं जात नाही. १९६८ मध्ये ढाक्यात डेव्हिड नलिन आणि रिचर्ड कॅश यांनी रोग्यांना ग्लुकोज घातलेलं मीठपाणी पाजून हा उपाय सिद्ध केला.

१९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावला, बांगलादेश युद्धाच्या निर्वासितांत पटकी पसरली आणि सलाईन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा घातलेलं पाणी पिंपांत भरून ठेवलं. नातेवाईकच रोग्यांना ते पाजत होते. छावण्यांत ३० टक्क्यांवर गेलेलं मृत्यूचं प्रमाण त्यांच्या रोग्यांत ३.६ टक्के राहिलं. या उपचाराचं सगळं मोल मला नातेवाइकांच्या हातातल्या त्या पेल्यात दिसतं.

जलसंजीवनीच्या पुडीसाठी जागतिक आरोग्य संघटनेचं २००२ पासूनचं प्रमाण लिटरला असं: मीठ २.६, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५, ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम. सायट्रेट आम्लता सावरतं. द्रावणाची तीव्रता लिटरला ३११ मिलिऑस्मोलवरून २४५ वर, म्हणजे रक्तापेक्षा थोडी खाली आणली. त्यानं जुलाब आणि उलट्या दोन्ही घटल्या. घोटाळा इथेच होतो. लिटरची पुडी पेलाभर पाण्यात ढवळली की घट्ट द्रावण उलट शरीरातलंच पाणी आतड्यात ओढतं, रक्तात सोडियम वाढतं, लहान मुलाला झटके येऊ शकतात. पॅकबंद फळांच्या गोड पेयांतही साखर जास्त, मीठ नगण्य. पुडी नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात चहाचे सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ.

दोन वर्षांखालच्या बाळाला दर जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, चमच्याचमच्यानं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी सावकाश. अंगावरचं दूध चालूच ठेवायचं. मूल गळून गेलं, पिईना किंवा शुद्ध हरपू लागली, तर मात्र सलाईनच लागतं, दवाखाना गाठायचा. उरलेलं द्रावण २४ तासांनी ओतून द्यायचं.